बटईचा न्याय आणि तेलाचा कारखाना
(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



समुद्रकाठच्या तेलाच्या कारखान्याशी आम्हा कापूस-ज्वारीवाल्यांचा काय संबंध, असं तुमच्या मनात आलं असेल. रास्त आहे. आमचं मरण बियाण्याच्या उधारीत आणि कापसाच्या भावात, आणि आम्ही इथे रत्नागिरी जिल्ह्यातल्या नाणार-बारसूची गोष्ट काढून बसलो आहोत. पण ही गोष्ट फिरत फिरत आमच्या वावराच्या बांधापर्यंत येते, म्हणून ऐका.

पेट्रोकेमिकल म्हणजे काय ते आधी बघू. कच्चं तेल तापवलं की त्यातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल वेगवेगळं निघतं. हे रिफायनरीचं काम. त्यातच नाफ्था नावाचा पातळ भाग मिळतो. तो वाफेबरोबर आठशे अंशांच्या वर तापवला की इथिलीन, प्रॉपिलीन असे वायू तयार होतात आणि त्या वायूंपासून प्लॅस्टिकचे दाणे. तुमच्या ठिबकची नळी त्याच दाण्यांची, खताची गोणीही त्यांचीच. तेव्हा हा कारखाना म्हणजे राक्षस आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण त्याच तेलातून पॅराझायलीन निघतं आणि त्याचं पुढे पॉलिएस्टरचं सूत होतं. ही आमच्या कापसाची सवत. जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यात आज निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे आणि कापूस पाव हिश्श्याच्याही आत आला आहे. गिरणीवाला दोन्हींचे भाव बघतो आणि मग मिश्रण ठरवतो. कापूस चढायला लागला की त्याच्याकडे दुसरा धागा तयारच असतो.

आता नाणारचा कागद बघा. २०१७ साली इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांनी मिळून एक कंपनी काढली. इंडियन ऑइलचा वाटा ५० टक्के, बाकी दोघींचा २५-२५. पुढे एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरेबियाच्या अरामकोशी आणि जूनमध्ये अबुधाबीच्या ॲडनॉकशी करार झाले. निम्मी भागीदारी देशातल्या तिघींची, निम्मी परदेशातल्या दोघांची. वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करायचं, शिवाय पेट्रोकेमिकल. खर्च सुमारे ३ लाख कोटी रुपये. जमीन सुमारे १५ हजार एकर.

हा अरब भागीदार कशाला आला? पैसे गुंतवायला, असं वर्तमानपत्रं सांगतात. ते अर्धंच खरं. त्याच्याकडे कच्चा माल आहे. कच्चा माल बाजारात नुसता ओतला तर भाव घेणारा ठरवतो, हे त्याला कळलं आहे. म्हणून तो घेणाऱ्याच्या गिरणीतच भागीदार होतो, आणि निम्मं तेल आमच्याकडूनच घ्यायचं हे आधी ठरवून घेतो. त्याला आम्ही नावं ठेवत नाही. उलट हेवा वाटतो. आम्ही कापूस पिकवतो, गाडीत भरतो आणि जिनिंगच्या दारात रात्रभर उभे राहतो. सरकी कोणाची, रुई कोणाची, सूत कोणाचं, हे आम्हाला कोणी विचारत नाही. सहकारी सूतगिरण्यांत आमचे शेअर होते, त्यातल्या किती चालू आहेत ते तुम्हीच मोजा.

म्हणजे पाच भागीदार झाले. प्रत्येकाने काहीतरी घातलं. कोणी पैसा, कोणी तेल, कोणी बाजारपेठ. मग ज्याने जमीन घालायची होती तो सहावा कुठे गेला? १५ हजार एकरांवर ३ लाख कोटी म्हणजे एकरी २० कोटींची गुंतवणूक. समजा, जमिनीला एकरी एक कोट भाव दिला असता, आणि ही आमची फक्त समजूत आहे, तरी ते झाले १५ हजार कोटी. रुपयातले पाच पैसे. पाच पैशांत सातबारा संपला. बाकी ९५ पैशांवर पुढची पन्नास वर्षं जो काही नफा होईल, त्यात ज्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहिला त्याचं नाव नाही.

आपल्याकडे बटईने वावर देतात. रीत गावोगाव वेगळी, पण मूळ न्याय सगळीकडे एकच. वावर एकाचं, कष्ट दुसऱ्याचे, आणि खळ्यावर माल आला की दोघांचा वाटा. साल संपलं की वावर मालकाचं ते मालकाचंच. बटईदाराने वावरच आपल्या नावावर करून मागितलं तर गाव त्याला वेड्यात काढील. जो न्याय अंगठा लावणाऱ्या माणसाला कळतो तो कंपन्यांच्या वकिलांना कळत नाही, असं कसं मानायचं? त्यांना कळतो. म्हणूनच आपापसात ते तो काटेकोर लिहून घेतात.

रत्नागिरी जिल्ह्याने हे आधी पाहिलं आहे. गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आला. तोही भागीदारीचाच. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनचं दिवाळं निघालं. उरलेल्या दोन भागीदारांचे दावे २००५ साली पैसे देऊन मिटवले गेले, कारण त्यांच्या करारात तसं कलम होतं. जमीन देणाऱ्याच्या कागदात असलं कलम नसतं. रायगडात नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना आयपीसीएल या सरकारी कंपनीचा होता. २००२ मध्ये सरकारने त्या कंपनीचा मोठा हिस्सा रिलायन्सला विकला आणि २००७ मध्ये कंपनी तिच्यात विलीन झाली. सरकारला म्हणून जी जमीन दिली तिचा मालक बदलला, आणि मूळ मालकाला त्या व्यवहारात कोणी विचारायचं कारणच नव्हतं. त्याने विकली होती ना!

कोणी म्हणेल, आता २०१३ चा भूसंपादन कायदा आहे, संमती लागते. लागते. खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची, सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्क्यांची. पण नाणारची मे २०१७ ची अधिसूचना त्या कायद्याखाली नव्हतीच. ती होती महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ खाली, आणि त्यात संमतीच्या टक्क्यांची अट नाही. दार दाखवायचं एक आणि आत शिरायचं दुसऱ्याने.

गावांनी विरोध केला. निवडणूक तोंडावर होती, मार्च २०१९ मध्ये अधिसूचना रद्द झाली. जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच राजापूर तालुक्यातली बारसूची सुमारे १३ हजार एकर जागा सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षणाची यंत्रं आली तेव्हा बाया रस्त्यावर आडव्या झाल्या, अश्रुधूर सोडला गेला. कारखाना आजवर उभा राहिलेला नाही.

आणि ती जमीन कसली? कचेरीच्या भाषेत पडीक. नुसता कातळ. त्या कातळावर पावसाळ्यात गवत उगवतं, त्यावर गुरं जगतात. त्यात मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना पुरतं. सुरुंग लावून कातळ फोडला, बाहेरून माती आणून भरली, तेव्हा तिथे हापूस लागला. बारसूच्या सड्यावर जुन्या माणसांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत आणि कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. एवढं असून पडीक! आमच्या मुरमाड वावरालाही कागदावर हेच म्हणतात.

मग आमचं म्हणणं काय? कारखाना नको, असं नाही. जमीन विकत नाही, बटईने देतो, एवढंच. शेअर द्या नाहीतर दर साल भाडं द्या, आणि कंपनी विकली, बुडाली किंवा निघून गेली तर वावर परत. अशक्य आहे म्हणतात त्यांना हडपसर दाखवा. मगरपट्ट्यातल्या सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर एकत्र केली, कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा शेअर ठेवला. पुण्याच्या वेशीवरची जमीन होती ती, मान्य. आमच्या वावराला तो भाव नाही. पण भाव किती हा एक प्रश्न आणि कागदावर भागीदार लिहायचं की नाही हा दुसरा. पहिल्यावर घासाघीस करू, दुसऱ्यावर नाही.

आता कामाचं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपला सातबारा घेऊन यायचा. त्यात पोटखराबा किती लिहिला आहे ते बघा आणि त्यातल्या किती जागेत तुम्ही खरोखर पऱ्हाटी किंवा ज्वारी घेता ते शेजारी लिहा. उद्या रस्ता येवो, कालवा येवो की कारखाना, मोजणारा आधी तोच आकडा वाचतो. फरक असेल त्यांचे तलाठ्याकडे द्यायचे अर्ज इथेच बसून लिहू. ज्यांची जमीन बायकोच्या किंवा आईच्या नावावर आहे त्यांनी तिलाच घेऊन यावं, सही तिची लागेल.