दोन मिनिटांचे मौन आणि बसऱ्यातील आकडे



११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता ब्रिटनमधील शाळाशाळांतून दोन मिनिटांचे मौन पाळले जाते. मुलांच्या छातीवर खसखशीचे लाल कागदी फूल असते, एखादा वृद्ध सैनिक पाहुणा म्हणून बोलावलेला असतो आणि युद्धात पडलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे वाचली जातात. हे मौन प्रथम १९१९ साली पाळले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर विधी रविवारकडे सरकला आणि १९९० च्या दशकात पुन्हा अकरा तारखेवर आला.

समाजवादी कार्यकर्त्याने या सोहळ्याकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या वर्षी खंदकात मेलेल्या पोराने साम्राज्य उभारलेले नव्हते. प्रश्न आहे तो स्मरण कोणाचे होते आणि हयात असलेल्यांच्या पदरात काय पडते, हा.

ईटन या धनिकांच्या शाळेने पहिल्या महायुद्धात १,१५७ माजी विद्यार्थी गमावले. अभिजनांनीही रक्त सांडले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु युद्ध संपल्यावर वाटणी सारखी राहिली नाही. १९२० च्या दशकाच्या आरंभीच लंडनच्या स्मारकासमोरून बेकार माजी सैनिकांनी संचलन केले, तेव्हा कित्येकांनी पदकांशेजारी सावकाराकडील गहाणाच्या पावत्या टाचल्या होत्या. लाल फुलांचा निधीही १९२१ मध्ये सुरू झाला तो अशा माणसांच्याच साहाय्यासाठी. ज्या सरकारने सैनिक रणावर धाडला त्याचे उत्तरदायित्व येथे नागरिकांच्या दानधर्मावर ढकलले गेले, ही गोष्ट शाळेतल्या मुलांना क्वचितच सांगितली जाते. १९३३ साली सहकारी चळवळीतील स्त्रियांच्या संघटनेने पांढरे फूल पुढे आणले. त्यांतील अनेकींचे पती वा पुत्र युद्धात गेले होते, त्यामुळे मृतांचा अवमान केल्याचा आरोप निदान त्यांच्यावर तरी शोभत नव्हता.

या हिशेबाचे एक पान आपल्याकडचे आहे. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लक्ष भारतीय सेवेत होते व सुमारे ७४,००० मेले. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. म्हणजे गोऱ्या शिपायाच्या रोज एक शिलिंग या मूळ वेतनाच्या जवळजवळ निम्मा. सातारा-रत्नागिरीकडील मराठे ज्या पलटणींत होते, त्यांतील काही मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर होत्या. कुट येथे वेढा पडला, उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. त्या आघाडीवर पडलेल्या ४०,००० हून अधिक लोकांसाठी बसऱ्याला १९२९ साली स्मारक झाले. त्यावर ब्रिटिशांची नावे आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत. भारतीय शिपायांचे मात्र पलटणवार आकडे! हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्वांना समान स्थान, हे या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाचे घोषित तत्त्व होते. त्याच आयोगाने २०२१ साली अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाबद्दल क्षमा मागितली. किमान १,१६,००० मृतांचे, बहुधा आफ्रिका व मध्यपूर्वेतील, नावानिशी किंवा कोणत्याच रूपाने स्मरण झाले नव्हते, असे त्यात नमूद आहे.

त्याच वर्षी लाहोरच्या संग्रहालयातील नोंदवह्यांवरून पंजाबच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांची माहिती सर्वांना खुली झाली आणि ब्रिटनमधील पंजाबी कुटुंबांना आपल्या पणजोबांचा माग काढता येऊ लागला.

महाराष्ट्रात कित्येक गावी त्या काळचे लहानसे दगडी फलक आहेत. या गावातून इतके गेले, इतके मेले, एवढाच मजकूर. आपल्यात शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी पुढच्या वर्षी मुलांना घेऊन अशा फलकापाशी जावे, गावातली जुनी घरे धुंडाळावीत, पेन्शनचे कागद, पदके, म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा कराव्यात, आणि आकड्याखाली जितकी नावे सापडतील तितकी शाळेच्या भिंतीवर लिहावीत.