इन्स्पेक्टर निवृत्त होतो तेव्हा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘निवृत्तीनंतरचे वाचन’ असा विषय दिला आहे. मी ज्ञानेश्वरीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ज्ञानेश्वरी घरात आहे, वाचतोही. पण गेली तीसेक वर्षं मला खरा नाद आहे तो ब्रिटिश पोलीस तपासाच्या कादंबऱ्यांचा. हसू नका. सर, तुम्हीसुद्धा.

शाळेत असताना आपण बाकाखाली धरून बाबूराव अर्नाळकर वाचले. झुंजार, काळापहाड. झुंजारचं वय काय, त्याचा पगार किती, रजेचा अर्ज तो कुणाकडे द्यायचा, हे प्रश्न आपल्याला कधी पडले नाहीत. शेरलॉक होम्सचंही तेच. दमला तेव्हा ससेक्सला जाऊन मधमाश्या पाळू लागला. निरोप समारंभ नाही, पेन्शनचे कागद नाहीत. स्वतःचा मालक स्वतः असलेला माणूस निवृत्त होत नाही, तो नुसता थांबतो.

मी म्हणतोय त्या कादंबऱ्यांतला नायक नोकरदार आहे. त्याला वरिष्ठ आहेत, बदल्या आहेत, ओव्हरटाइमवरून कटकट आहे. १९५५ साली जॉन क्रीझी यांनी जे. जे. मॅरिक या टोपणनावाने ‘गिडियन्स डे’ लिहिली. त्यात स्कॉटलंड यार्डचा एक अधिकारी, त्याचा एकच दिवस आणि टेबलावर एकाच वेळी आलेली कितीतरी प्रकरणं. दौऱ्यावरच्या एका विश्रामगृहात ती वाचली आणि वाटलं, अरे, हे तर आपलं ऑफिस! मी लेखापरीक्षणात आयुष्य काढलं. ग्रामपंचायती, नगरपालिका, पावत्या, मोजमाप पुस्तकं. सत्य कागदात असतं, पण ते ज्या कागदात असतं तो कागद नेमका दुसऱ्या फाईलला लावलेला असतो, हे मला कुणी शिकवायला नको.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण खरं घडलेलं आहे. १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफ याने इंग्लंडच्या उत्तर भागात तेरा स्त्रियांचे खून केले. पकडला जाण्याआधी पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. त्याचं नाव त्यांच्या कार्डांत होतंच. पण कार्डांचा ढीग इतका झाला की या कार्डाचा त्या कार्डाशी मेळ कुणी घालू शकलं नाही. शेवटी १९८१च्या जानेवारीत शेफील्डला गाडीच्या खोट्या नंबरप्लेटवरून तो सापडला. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी मोठ्या तपासांसाठी संगणक आणला, त्याचं नाव ‘होम्स’. पुढच्या कादंबऱ्यांत तो जागोजागी भेटतो, आणि त्यात माहिती भरत बसणारे कंटाळलेले शिपाईही.

आणखी एक गंमत. इंग्लंडमध्ये १९८४च्या कायद्यानंतर संशयिताच्या चौकशीची टेप होऊ लागली. कादंबरीत यंत्र सुरू होतं, वेळ आणि हजर असलेल्यांची नावं बोलली जातात आणि बरेचदा शेवटी माणूस कबूल करतो. आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली १८७२च्या पुरावा कायद्यापासून आरोपीविरुद्ध धरत नाहीत, नव्या कायद्यातही तेच ठेवलं आहे. म्हणजे हीच कादंबरी आपल्याकडे घडवायची तर शेवटचं प्रकरण वेगळं लिहावं लागेल. आपल्या वर्गातला जो पोलिसात गेला तो तिकडे मान हलवतोय बघा.

पण मला आज मुख्यतः एका माणसाबद्दल सांगायचं आहे. जॉन रेबस. एडिनबराचा इन्स्पेक्टर, इयन रँकिन यांचा. पहिली कादंबरी १९८७ची. रँकिननी एक अवघड गोष्ट केली. वाचकाचं वय वाढतं तसं रेबसचंही वाढू दिलं. साठाव्या वर्षी निवृत्ती हा नियम, म्हणून २००७च्या ‘एक्झिट म्युझिक’मध्ये त्याच्या नोकरीचे शेवटचे दहा दिवस येतात. ज्या कॅफर्टी नावाच्या गुंडाच्या मागे तो वर्षानुवर्षं लागला, तो अजून मोकळाच फिरतोय. इतरांना वाटतं, म्हाताऱ्याने आता शांतपणे खोके भरावेत. हा खोके भरत नाही.

कॉलिन डेक्स्टर यांनी त्यांच्या मोर्सची ही अडचण सोडवली ती १९९९च्या कादंबरीत त्याला मारून. रूथ रेंडेल यांचा वेक्सफर्ड निवृत्त होतो आणि ‘द व्हॉल्ट’मध्ये लंडनच्या एका अधिकाऱ्याला बिनपगारी सल्ला देतो. अधिकार काही नाही, कुणाच्या दारावर ओळखपत्र दाखवता येत नाही. पुढच्या कादंबरीत तो गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास वाचत बसलेला दिसतो. ते वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो.

कारण अठ्ठावन्नाव्या वर्षी मी निवृत्त झालो तेव्हा माझा एक आक्षेप प्रलंबित होता. एका गावची नळपाणी योजना. पैसे खर्ची पडले होते, पाइप जमिनीत नव्हते. अनुपालन अप्राप्त. पहिले दोन महिने ऑफिसातून फोन यायचे, अमुक फाईल कुठे ठेवलीत साहेब. मग थांबले. त्या गावच्या बाया अजून विहिरीवर जातात, हे मला तिकडून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने सांगितलं. आता माझ्याकडे सहीही नाही आणि शिक्काही नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे, साधा नागरिक म्हणून. ज्या मुलीला मी कामाला लावलं तीच आज तिथली अधिकारी आहे. अर्ज तिच्याच टेबलावर गेला.

रेबसचंही असंच झालं. २०१२मध्ये तो जुन्या प्रकरणांच्या विभागात बिगरपोलीस माणूस म्हणून परत येतो. पुढे पोलिसात परततो ते खालच्या हुद्द्यावर, आणि शिवॉन क्लार्क, जी त्याच्या हाताखाली तयार झाली, ती आता त्याच्या वर. ती त्याला सांभाळून घेते, पण नियम मोडू देत नाही. तो चिडतो. मला ती बरोबर वाटते. पुढे त्याची फुफ्फुसं जातात, जिने चढवत नाहीत, म्हणून त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला येतो. सामान हलवायला शिवॉनच मदतीला. आपल्यापैकी किती जणांनी गेल्या दोन वर्षांत लिफ्ट असलेली इमारत शोधली, हात वर करा. बघा!

२०२४च्या कादंबरीत तर रेबस स्वतः तुरुंगात आहे. का, ते सांगत नाही.

माझ्या अर्जाचं उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आज एकविसावा दिवस. तोवर ही सगळी पुस्तकं माझ्या घरी आहेत, ज्याला हवं त्याने न्यावं. नोंदवहीत सही मात्र करावी लागेल, आणि तारीख घालूनच.