वसतिगृह म्हणजे नुसती निजण्याची जागा नव्हे



पोराला किंवा पोरीला कॉलेजांत घालण्याची वेळ आली कीं आपल्या कोळीवाड्यांत, आगरी-कुणब्यांच्या आळींत, सुतार-लोहारांच्या घरांत पहिला प्रश्न निघतो फीचा आणि दुसरा खोलीचा. खोलींत खाट आहे ना, मग झालें! भोजनगृह कसें आहे, पाणी कोठून येतें, रात्रीं वाचीत बसावयास सामाईक जागा आहे कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. आम्ही आज त्याविषयींच बोलणार आहोंत.

आपल्याच जिल्ह्यांत, माणगांव तालुक्यांत, लोणेरे येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नांवाचें तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तें १९८९ सालच्या कायद्यानें निघालें, आणि निघालें तेव्हां निवासी विद्यापीठ म्हणूनच निघालें. म्हणजे शिकणें व राहणें एकाच आवारांत. लोणेऱ्याच्या दक्षिणेस महाड. तेथील चवदार तळ्याची गोष्ट नीट ध्यानांत घ्या. सार्वजनिक विहिरी, तळीं, धर्मशाळा, शाळा सर्वांस खुल्या असाव्यात, असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं पास केला. महाडच्या म्युनिसिपालिटीनेंहि १९२४ सालीं आपलें तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागदावर तळें खुलें झालें. पण अस्पृश्यांची घागर त्यांत बुडाली काय? त्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेबांस लोक घेऊन तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या, आणि हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडलें. तेव्हां दारावर ‘सर्वांसाठीं’ अशी पाटी दिसली म्हणून हुरळून जाऊं नका; आंत कोण बसतो तें पहा.

शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत १९०१ पासून मराठे, जैन, लिंगायत, मुसलमान अशीं निरनिराळीं बोर्डिंगें काढविलीं. त्या काळीं सर्वांस एका पंक्तीला बसवूं म्हटलें असतें तर बोर्डिंगच ओस पडलें असतें, असें आम्हांस वाटतें. पुढचें पाऊल भाऊराव पाटलांनीं टाकलें. १९२४ सालीं साताऱ्यांत त्यांनीं सर्व जातींचीं मुलें एका चुलीवर जेवावयास बसविलीं. त्या चुलीसाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धां ठेवलें नाहीं. १९४७ सालीं साताऱ्यास शिवाजी कॉलेज निघालें तें ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. शेतांत राबावें, एकत्र जेवावें, एकत्र वाचावें.

म्हणून कॉलेज पाहावयास जाल तेव्हां ऑफिसांतून परत फिरूं नका. जेवणाच्या वेळीं जा, आमटींत पळी बुडवून पहा. मे महिन्यांत नळाला पाणी असतें का, तें वरच्या वर्गांतल्या मुलांना विचारा. आपल्या कोंकणांत चार महिने धो धो पाऊस. ओले कपडे वाळत घालावयास पडवी नसेल तर पोर ओल्या सदऱ्यानेंच वर्गांत बसेल. मुलींचें तर निराळेंच आहे. त्यांच्या वसतिगृहाचें फाटक लवकर बंद होतें आणि वाचनालय असतें फाटकाबाहेर! मुलींची वाचनाची खोली त्यांच्याच इमारतींत असली पाहिजे, हें मागणें आईबापांनीं धिटाईनें करावें.

आणखी एक खोड आपलीच आहे. आपण रेक्टरला सांगतों, “आमच्या मुलाला आमच्याच लोकांच्या खोलींत ठेवा.” हें बंद करा. मासळीवांचून आपल्या पोरांचें पोट भरत नाहीं, हें खरें. पण त्यासाठीं वेगळी पंगत मागूं नका. आठवड्यांतून एकदां त्याच भोजनगृहांत मासळी शिजवा म्हणा; न खाणाऱ्यास दुसरें कालवण वाढावें, आणि बसावें सर्वांनीं शेजारीं शेजारीं.

ज्यांचीं मुलें यंदां जाणार आहेत त्यांस एवढेंच सांगणें आहे. ट्रंक खोलींत टाकून लगेच परतीची एस्.टी. धरूं नका. जेवणाच्या घंटेपर्यंत थांबा, आणि त्या पंक्तींत बसून एक वेळ जेवून या.