सुकाणू जड का होते?



शिडाची नौका चालविताना सुकाणू जड लागले, की आपण हाताच्या बळाला दोष देतो. वस्तुतः दोष बहुधा जुळणीत असतो. अमेरिकेतील होबी आल्टर यांनी रूढ केलेली ‘होबी 16’ ही सुमारे 5 मीटर लांबीची कॅटामरान घ्या. दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी जोडलेल्या या नौकेस सुकाणूची दोन पाती असतात. किनाऱ्याशी ती वर उचलता येतात. परंतु पाण्यात पूर्ण खाली बसून अडकली नाहीत, तर मागे कलतात. मग पाण्याचा दाब बिजागरीच्या आसापासून दूर पडतो व हातावर भार येतो. म्हणून प्रथम दोन्ही पाती तपासावीत. ती ठीक असूनही नौका सारखी वाऱ्याकडे वळू पाहत असेल, तर डोलकाठी फार मागे झुकली आहे काय, ते पाहावे व ती किंचित पुढे घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा आणि नौका पुन्हा चालवून पाहावी.

हात थकलेला असताना वाऱ्याचा झोत आल्यास नौका उलटू शकते. म्हणूनच नौकानयनाच्या पहिल्याच पाठात ही तपासणी शिकविली जावी, एवढीच विनंती.