गाडी भाड्याची, विमा कोणाचा?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की गटागटांत सहलीची बोलणी सुरू होतात. कोणी गणपतीपुळ्याला निघतं, कोणी तुळजापूरला, आणि हल्ली तर गोव्यालाही बायकांचे गट जाऊ लागलेत. गाडी भाड्याने घ्यायची, खर्च वाटून घ्यायचा. भाडं किती, डिझेल कोणाचं, टोल कोणाचा, हे आपण घासाघीस करून ठरवतो. एक प्रश्न मात्र राहून जातो. गाडीला काही झालं तर पैसे कोण भरणार? गाडीवाला म्हणतो, "विमा आहे ना, काळजी कशाला?" आणि आपण गप्प बसतो. आज त्या "विमा आहे ना"बद्दलच बोलू.

आधी नंबरप्लेट बघा. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे खाजगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्याने मिळणारी टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तर ती आपण स्वतः चालवायला भाड्याने घ्यायची गाडी. विजेवरच्या गाड्यांची पाटी हिरवी असते, त्यात खाजगी गाडीचे आकडे पांढरे आणि टॅक्सीचे पिवळे.

आता गावात काय होतं? ओळखीतल्या कोणाची तरी पांढऱ्या पाटीची सात सीटची गाडी असते. टॅक्सीपेक्षा हजार-दीड हजार कमी घेतो, घरचाच माणूस असतो. पण खाजगी गाडीच्या विम्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं की ही गाडी भाड्याने वापरायची नाही. भाडं घेऊन नेलेल्या गाडीला अपघात झाला आणि ते उघड झालं, तर गाडीच्या नुकसानीचे पैसे द्यायला विमा कंपनी नकार देऊ शकते. कोणी जखमी झालं तर त्याच्या भरपाईवरूनही ती वाद घालू शकते. मग घरचा माणूस गटाच्या दारात उभा राहतो, आणि त्यालाही दुसरा रस्ता नसतो. हजार रुपये वाचवायला हा धोका घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. शेजारणीच्या गाडीतून तिच्यासोबत जाणं वेगळं. दिवसाचं भाडं ठरवून गाडी नेणं वेगळं.

गाडीच्या विम्याची मुदत संपली आहे का, ती खाजगी म्हणून नोंदवलेली आहे की भाड्याची, हे सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. ॲडव्हान्स देण्याआधी गटातल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हे काम सांगा. पाच मिनिटांत होतं.

ड्रायव्हरसकट पिवळ्या पाटीची गाडी घेतली तर विम्याचा त्रास फारसा येत नाही. चालवणारा त्यांचा, जबाबदारी त्यांची. जास्त बोलायला हवं ते स्वतः चालवायच्या गाडीबद्दल. गटातल्या एखादीची मुलगी किंवा सून छान गाडी चालवते, गोव्यात उतरल्यावर दोन दिवस गाडी घेऊ म्हणते. घ्या की. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की त्या गाडीचा विमा मालकाचा आहे, आपला नाही. विमा कंपनी पैसे देईल ते मालकाला. आपण सही करतो ती भाड्याच्या करारावर, आणि आपल्याकडून काय वसूल करायचं ते त्या करारात लिहिलेलं असतं.

आता मालक विमा असतानाही पैसे का मागतो, ते समजून घेऊ. विमा कंपनी दुरुस्तीचं सगळं बिल कधीच देत नाही. प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम मालकाने सोसायची असते. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे पैसे निम्मेच मिळतात. म्हणजे प्लॅस्टिकचा बंपर फुटला तर त्याच्या किमतीतला अर्धा वाटा आधीच मालकावर. त्यात आणखी एक गोष्ट. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी त्याला हप्त्यात सूट मिळते. ती 20 टक्क्यांपासून सुरू होते आणि वर्षागणिक वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. एक दावा केला की साधारणपणे ती जाते. मग दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी मालक विमा कंपनीकडे कशाला जाईल? तो आपल्या अनामत रकमेतून पैसे कापतो. "विमा आहे" हे त्याचं बोलणं खरंच असतं, पण लहान नुकसानीला तो विमा वापरायचाच नाही हेही त्याचं ठरलेलं असतं.

म्हणून विचारायचं ते असं: "दादा, ओरखडा पडला, पोचा आला, तर आमच्याकडून जास्तीत जास्त किती घ्याल? तो आकडा लिहून द्या." तोंडी नको. व्हॉट्सॲपवर लिहून दिला तरी चालेल.

काही ठिकाणी रोजचे दोनशे-चारशे जास्त घेऊन "संरक्षण" देतात. हे भरा, मग काही झालं तरी चिंता नाही, असं सांगतात. हा बहुतेक वेळा विमा नसतो, आम्ही तुमच्याकडून अमुक रकमेपेक्षा जास्त घेणार नाही असा गाडीवाल्याचा शब्द असतो. तो घ्यायला हरकत नाही, पण त्यात काय येत नाही ते आधी वाचा. टायर, काचा, गाडीचा खालचा भाग, हरवलेली किल्ली, आतल्या सीट, या गोष्टी पुष्कळदा त्यातून वगळलेल्या असतात. आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर नेमकं खालूनच घासतं! साचलेल्या पाण्यात गाडी घालून इंजिन बंद पडलं, तर साध्या विम्यातही ते बसत नाही. गोव्यात समुद्राच्या वाळूत गाडी न्यायला बंदीच आहे. तिथे गाडी रुतली तर ओढून काढायचा खर्च आणि दंड दोन्ही आपल्या माथी.

वाचताना "गाडी बंद राहिल्याचे पैसे" हे कलम हुडका. समजा दुरुस्तीचं बिल 9,000 आलं आणि आपल्यावरची मर्यादा 5,000 ची ठरली आहे. आपल्याला वाटतं पाच हजारांत सुटलो. पण गाडी चार दिवस गॅरेजला राहिली आणि दिवसाचं भाडं 1,800 आहे. करारात हे कलम असेल तर आणखी 7,200 मागतात. झाले 12,200. म्हणून ती मर्यादा सगळं धरून आहे का, हा पुढचा प्रश्न.

करारात जिचं नाव आणि लायसन आहे तिनेच गाडी चालवायची. "थोडा वेळ मी घेते" म्हणून दुसरी बसली आणि तेवढ्यात धक्का लागला, तर संरक्षणही गेलं आणि विम्याचाही वाद. दोघी चालवणार असाल तर दोघींची नावं घाला. शिकाऊ लायसनवर गाडी घेऊ नका. गोव्यातली गाडी सावंतवाडी, कोल्हापूरकडे आणणार असाल तर राज्याबाहेर न्यायची परवानगी करारात आहे का बघा.

मोबाइलवरून गाडी ठरवताना शेवटच्या पानावर थांबा. प्रवास विमा, जादा संरक्षण यांच्यापुढे आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली असते. ग्राहकाला न विचारता अशी वस्तू बिलात घुसवायला केंद्र सरकारच्या 2023 सालच्या मार्गदर्शक नियमांनी मनाई केली आहे. तरी खूण दिसली तर काढून टाका, आणि एकूण रक्कम पुन्हा बघूनच पैसे भरा.

गाडी ताब्यात घेताना व्हिडिओ काढा. अंधारात नको, उजेडात. चारी बाजू, बंपरची खालची कड, चाकं, काचा, स्टेपनी, किलोमीटरचा आकडा, तेलाचा काटा. गाडीवाला उभा असताना काढा आणि तिथल्या तिथे त्याच्याच व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख-वेळ आपोआप राहते. एका गटातल्या ताई आम्हाला म्हणाल्या, त्यांच्याकडे दाराच्या जुन्या ओरखड्याचे चार हजार मागितले होते. सुनेने सकाळचा व्हिडिओ दाखवला आणि विषय तिथेच मिटला. परत देतानाही असाच व्हिडिओ काढा, आणि अनामत कधी मिळणार ते लिहून घ्या.

धक्का लागलाच तर रस्त्यात समोरच्याशी परस्पर पैशांची मिटवामिटवी करू नका. आधी माणसं बघा, मग गाडीवाल्याला फोन करा, कोणी जखमी असेल तर पोलिसांनाही. उशिरा कळवलं म्हणून मालकाचा दावा अडकला, तर तो बोट आपल्याकडेच दाखवणार.

गटासाठी वेगळं सांगायचं तर अनामत रक्कम बचतीच्या पैशातून देऊ नका. ते पैसे कोणाच्या तरी कर्जाचे, औषधपाण्याचे असतात. सहलीची वर्गणी वेगळी गोळा करा आणि निघण्याआधीच्या बैठकीत वहीत लिहा: नुकसान झालं तर सगळ्या मिळून भरणार. चालवणारीवर एकटीवर टाकलं तर ती पुढच्या वेळी स्टिअरिंगला हात लावणार नाही, आणि लावू पण नये.

पैसे कापलेच, तर दुरुस्तीचं पक्कं बिल मागा. नुसता आकडा मान्य करू नका. बिल देत नसेल, अनामत अडवून ठेवली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915. तक्रार मराठीत सांगता येते. फोन करताना करार, पैसे भरल्याची पावती आणि दोन्ही व्हिडिओ जवळ ठेवा.