अंगणवाडीचा पट



जन्मभर शिक्षकी केलेल्या मनुष्यास निवृत्तीनंतरहि एक खोड राहते. कोणत्याहि शाळेंत पाऊल टाकलें कीं, त्याची दृष्टि प्रथम हजेरीपटाकडे जाते. आमच्या वाडींतील अंगणवाडींत मी अधूनमधून जाऊन बसतों, तेव्हां मलाहि ती आवरत नाहीं.

तेथें तीन ते सहा वर्षांचीं मुलें येतात. पूर्वी पटावर वाडींतल्याच घरांचीं आडनांवें असत. तीं घरें अजून आहेत, पण कित्येकांस कुलपें आहेत. मुलें मुंबईस, आणि त्यांचें दर्शन गणपतींत नाहीं तर शिमग्यांत. २००१ सालीं आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ च्या खानेसुमारींत ती १६,१५,०६९ भरली. दर हजार पुरुषांमागें स्त्रिया ११२२. कर्ता पुरुष परगांवीं चाकरीस, घरांत म्हातारीं माणसें. मग पट भरावा कोठून?

ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस काम आरंभिलें, तेव्हां प्रश्न निराळा होता. मुलें पुष्कळ होतीं, पण तीं शाळेकडे येत नव्हतीं. म्हणून बाईंनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. आमच्याकडे अंगण आहे, मूल नाहीं! १३ डिसेंबर २००६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिला कीं, ज्या वस्तींत सहा वर्षांखालील चाळीस मुलें असतील, तिनें मागतांच तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. आदेश उत्तम, पण कोंकणांतल्या वाडींत चाळीस मुलें मोजावयाचीं तर दोन डोंगर ओलांडावे लागतील.

हल्लीं पटावर नवीं नांवें येतात तीं आंबाबागांच्या राखणीस आलेल्या नेपाळी कुटुंबांचीं. गेल्या हंगामांत त्यांच्यांतील एक चार वर्षांची पोर रोज उंबऱ्याबाहेर उभी राहून आंतलीं गाणीं ऐकत असे. "आम्ही परमुलखाचे, आमचें नांव कसें घालणार?" असें तिचा बाप म्हणे. त्याच न्यायालयानें ही सोय सहा वर्षांखालील प्रत्येक बालकासाठीं सांगितली आहे, हें त्यास कोण सांगणार? सेविकाबाई स्वतः बागेंत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशीं पोर सतरंजीवर बसली. पंधरा दिवसांत ती आमच्या नातवंडांसारखी मालवणी वळणाचें मराठी बोलूं लागली. मला ती "आजोबानूं" म्हणे.

पावसाच्या तोंडाशीं तें बिऱ्हाड उठलें. बाईंनीं नांवावर रेघ मारली नाहीं. पुढचे रकाने तेवढे कोरे आहेत. दिवाळी झाली कीं बागा पुन्हा जाग्या होतात, आणि मी सकाळीं पाखाडीकडे तोंड करून बसतों.