गुप्त वार्तेच्या वाटेवरील दोन मुली

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

जे वाचक त्या दिवशी सभागृहात नव्हते, त्यांनीही आपण समोरच बसलो आहोत असे समजून हे वाचावे.

गुप्तहेर स्त्री म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातली बाई उभी राहते. हातात पिस्तूल, अंगावर भारी कपडे. मी ज्या दोन मुलींविषयी सांगणार आहे, त्यांचे काम निराळे होते. बातमी मिळवायची, ती अचूक पोहोचवायची आणि पकडले गेल्यावर तोंड उघडायचे नाही. दोन्ही गोष्टी दुसऱ्या महायुद्धातल्या आहेत.

पहिलीची सुरुवात आपल्या शेजारापासूनच करतो. जलालखेड्याहून पुढे वर्धा जिल्ह्यातले आष्टी आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तेथील महंमदखान नियाझींचा मकबरा जहांगीर बादशहाच्या काळाची आठवण देतो. त्या आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'चा जमाव ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, लोक मेले, पोलीसही मेले. त्याच दिवशी चिमूरलाही तसेच घडले, आणि नंतर आलेल्या सैनिकांनी तेथील बायाबापड्यांवर जे अत्याचार केले ते सांगतानाही जीभ अडखळते. सरकारने वृत्तपत्रांची तोंडे बांधली. चिमूरच्या प्रश्नावर प्रा. भणसाळी उपोषणाला बसले, तर त्या उपोषणाची बातमीसुद्धा छापण्याची चोरी झाली. मग विदर्भातल्या खेड्यांत काय घडले हे देशाला कळावे कसे?

ते कळवण्याचे काम ज्यांनी केले त्यांत मुंबईची एक बावीस वर्षांची मुलगी होती. तिचे नाव उषा मेहता. वडील सरकारी नोकरीत न्यायाधीश. उषाबाई विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या होत्या, पुढचे शिक्षण चालू होते, ते त्यांनी बेचाळीसमध्ये सोडले. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी अशा तरुण मंडळींबरोबर त्यांनी ऑगस्ट १९४२ मध्येच गुप्त 'काँग्रेस रेडिओ' उभा केला. यंत्रसामग्रीच्या कामी शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांचे साहाय्य झाले. ४२.३४ मीटरवरून, हिंदुस्थानातल्या कुठल्याशा जागेवरून म्हणून, हिंदीत आणि इंग्रजीत बातम्या सुरू झाल्या. राम मनोहर लोहिया आणि अच्युत पटवर्धन हे भूमिगत नेते पाठीशी होते. बातम्या हस्ते-परहस्ते येत. चितगावावरील बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप आणि आपले चिमूर-आष्टी, या बातम्या वृत्तपत्रे छापू शकत नव्हती तेव्हा या रेडिओने सांगितल्या. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. या प्रक्षेपणाचा आरंभ अल्लामा इक्बालांच्या 'हिंदोस्ताँ हमारा'ने होई आणि शेवट 'वंदे मातरम्'ने. एवढे सांगितले म्हणजे त्या तरुणांचे मन कसे होते ते मी निराळे सांगायला नको.

रेडिओचा दोष असा की जो बोलतो त्याचा ठाव लागतो. रेडिओलहरी कोठून येतात हे शोधणाऱ्या पोलिसांच्या गाड्या शहरभर फिरत. म्हणून ही मंडळी काही दिवसांनी बिऱ्हाड हलवीत. जागा भाड्याने घ्यायची, यंत्र बसवायचे, पुन्हा उचलायचे. शेवटी फितुरी झाली ती आतूनच. यंत्र बांधून देणाऱ्या तंत्रज्ञानेच पोलिसांना वाट दाखवली. १२ नोव्हेंबर १९४२ च्या त्या दिवशी बाबूभाईंच्या कचेरीवर धाड पडल्याचे उषाबाईंना कळले होते. पळून जाता आले असते. त्या गेल्या त्या थेट प्रक्षेपणाच्या जागी, आणि दारे फोडून पोलीस आत आले तेव्हा तबकडी वाजतच होती. ती बंद करायला त्यांनी नकार दिला.

पुढचे महिने एकांत कोठडी आणि चौकशी. सहकाऱ्यांची नावे सांग, तुला परदेशी शिकायला पाठवतो, असे आमिष त्यांना दाखवले गेले. खटल्यात त्यांनी न्यायाधीशांना विचारले की उत्तरे देणे माझ्यावर बंधनकारक आहे काय. नाही, असे कळल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. चार वर्षांची सक्तमजुरी झाली, येरवड्याला.

आता दुसरी मुलगी. ती इंग्रजांच्या बाजूने लढली, म्हणून कोणाच्या कपाळाला आठी पडेल, तर जरा थांबावे.

नूर इनायत खान हिचे वडील हजरत इनायत खान हे बडोद्याचे, गायकवाडांच्या मराठी राज्यातले. त्यांचे आजोबा मौलाबक्ष सयाजीराव महाराजांच्या दरबारचे नामांकित गवई, बडोद्याच्या संगीतशाळेचे प्रवर्तक. टिपू सुलतानाच्या वंशाशी या घराण्याचे नाते सांगितले जाते. इनायत खान सूफी विचार घेऊन पाश्चात्त्य देशांत गेले. नूरचा जन्म १९१४ साली मॉस्कोत, बालपण फ्रान्समध्ये. वडील १९२७ मध्ये वारले, आई दुःखाने खचली आणि तेरा वर्षांच्या नूरने धाकट्या भावंडांचे केले. तरीही तिचे शिक्षण सुटले नाही. पॅरिसला ती बालमानसशास्त्र शिकली, संगीत शिकली. जातककथा तिने मुलांसाठी लिहिल्या, त्यांचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले.

फ्रान्स पडल्यावर ती इंग्लंडला गेली, हवाई दलाच्या महिला शाखेत बिनतारी संदेशाचे काम शिकली. अधिकारपदाच्या मुलाखतीत तिने स्पष्ट सांगितले की युद्ध संपल्यावर हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहणे मला कर्तव्य वाटेल. इंग्रजी अधिकाऱ्यांच्या तोंडावर हे बोलायला छाती लागते. त्यांनाही तिची गरज होती, कारण तिला अस्सल फ्रेंच येत होते आणि बिनतारीवर हात बसला होता.

जून १९४३ च्या एका रात्री तिला विमानाने फ्रान्समध्ये उतरवले. 'मॅडलीन' हे तिचे सांकेतिक नाव. थोड्याच दिवसांत पॅरिसमधले तिचे सहकारी धडाधड पकडले गेले. परत ये, असे लंडनने कळवले. संदेश पाठवायला येथे दुसरे कोणी उरलेले नाही, असे म्हणून ती राहिली. साडेतीन महिने ती जागा बदलत, पेटी वागवत हिंडली. ऑक्टोबरमध्ये फितुरीनेच सापडली.

येथे तिची एक चूकही सांगितली पाहिजे. पाठवलेले संदेश तिने वहीत लिहून ठेवले होते. ती वही जर्मनांच्या हाती पडली, आणि तिच्या नावाने लंडनला फसवणे त्यांना सोपे झाले. त्यापायी आणखी माणसे गेली. मी याचा मोठा दोष तिला पाठवणाऱ्यांना देतो. शिक्षण पुरे होण्याआधीच तिला घाईने पाठवले होते, आणि ती या कामाला योग्य नाही असे शिकवणाऱ्यांपैकी काहींनी लिहूनही दिले होते. अर्धवट शिकवून कठीण कामावर पाठवणे हा अन्यायच आहे.

तिने दोनदा निसटण्याचा प्रयत्न केला. पुन्हा पळणार नाही असे लिहून द्यायला नकार दिला, म्हणून जर्मनीतल्या तुरुंगात तिला बेड्यांत ठेवले. एकही नाव तिने सांगितले नाही. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छावणीत आणखी तीन स्त्रियांबरोबर तिला गोळी घातली. वय तीस. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. लंडनला २०१२ पासून तिचा अर्धपुतळा आहे.

दहावी झाली, आता पुरे, असे म्हणून मुलीचा दाखला काढायला येणारे पालक आपल्या तालुक्यात आजही भेटतात. त्यांना मी विचारतो की या दोघींच्या घरांनी तसेच केले असते तर? उषाबाई १९४६ मध्ये सुटल्या. पोलिसांनी लाच म्हणून देऊ केलेले शिक्षण त्यांनी नाकारले होते. ते त्यांनी मुंबई विद्यापीठात स्वतः पुरे केले, गांधीविचारावर डॉक्टरेट मिळवली आणि पुढे अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या गेल्या.